फुलीचे झेंडे (आणि माझा उलटा युनियन जॅक)

रीडिंगकर

मंडळी,

गेल्या रविवारी, ७ मे २०२३ ला, इथे इंग्लंडमध्ये आमच्या गल्लीत चार्ल्स राजाच्या राज्याभिषेकाचं सामुदायिक जेवण झालं. रस्ता दोन्ही टोकांनी बंद, मधोमध टेबलं, ज्याने त्याने घरून काहीतरी करून आणायचं. बायकोने साबुदाणा वडे केले (पंधरा मिनिटांत संपले, याची नोंद व्हावी). माझ्याकडे एकच काम होतं. सुपरमार्केटातून आणलेला युनियन जॅक (ब्रिटनचा झेंडा) वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर चारही कोपऱ्यांनी बांधायचा.

शेजारचे आजोबा ऐंशीच्या पुढचे, तरुणपणी नौदलात होते. वडा खात खात त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "तुझी बोट बुडतेय का?" मला काही कळेना. मग म्हणाले, झेंडा उलटा लावलायस, उलटा झेंडा म्हणजे संकटात आहोत, मदतीला या.

मी धावत वर गेलो, चारही गाठी सोडल्या, झेंड्याचं वरचं खाली आणि खालचं वर केलं, पुन्हा बांधला, धापा टाकत खाली आलो. आजोबा अजून हसत होते. झेंडा होता तस्साच उलटा!

मग त्यांनी बोट दाखवून समजावलं. काठीकडचा वरचा कोपरा बघायचा. तिथून मध्याकडे येणाऱ्या तिरक्या पट्टीत लाल रंगाच्या दोन्ही बाजूंना पांढरा असतो, पण एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक. जाड पांढरा लालच्या वर असेल तर झेंडा सुलटा. अकरा वर्षं या देशात राहतोय, इतक्या वेळा हा झेंडा पाहिला, पण लाल फुली मधोमध नाही हे कधी लक्षातच आलं नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांच्या आलं होतं, खरं सांगा.

त्या रात्री वाचत बसलो. थोडक्यात हकीकत अशी: १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला. दोन्हीकडच्या जहाजांना एकच निशाण हवं म्हणून १२ एप्रिल १६०६ ला त्याने फर्मान काढलं. स्कॉटलंडची निळ्यावरची पांढरी फुली खाली, तिच्यावर इंग्लंडचा पांढऱ्या काठाचा लाल उभा क्रूस. स्कॉटिश नाखवे लगेच चिडले. आमची फुली इंग्रजांच्या क्रुसाने मधोमध कापली, म्हणाले. स्कॉटलंडमध्ये काही जण नंतर फुली वर असलेला झेंडाही वापरत होते.

१ जानेवारी १८०१ ला आयर्लंड सामील झालं. आता त्यांची पांढऱ्यावरची लाल फुली आणायची कुठे? लाल फुली पांढरीच्या बरोबर मधोमध ठेवली, तर पांढरी नुसती लाल फुलीची किनार वाटते आणि स्कॉटलंड गायब. म्हणून फुलीचा प्रत्येक हात लांबीच्या दिशेने दुभागला, अर्धा पांढऱ्याला, अर्धा लालला. शिवाय मध्य ओलांडला की जागा बदलायची. काठीकडे पांढरा वर, कारण काठीकडची वरची जागा मानाची आणि स्कॉटलंड आधी आलेला. दुसऱ्या अर्ध्यात लाल वर. भाऊबंदकीत विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवतात ना, तसं.

तर धागा यासाठीच. अशा तिरक्या क्रुसाला ढालचिन्हांच्या भाषेत सॉल्टायर म्हणतात, मी सरळ फुली म्हणतोय. तुमच्या आसपास फुलीचे झेंडे असतील तर किस्से टाका.

---

भूमितीमास्तर

झकास धागा. पण रीडिंगकर, तुम्ही झेंडा उलटा लावलाच नव्हता. *पालथा* लावला होता.

युनियन जॅक १८० अंशांत फिरवला तर जसाच्या तसा दिसतो. म्हणजे डोकं खाली पाय वर करून काहीच बदलत नाही, आणि धापा टाकूनही तेच का राहिलं ते यातच आलं. बदलतो तो आरशातल्यासारखा, म्हणजे कापडाची मागची बाजू पुढे आली की. तुमची छापील बाजू खिडकीकडे आणि पाठ रस्त्याकडे होती. काठीवर चुकून खालची दोरी वर बांधली तरी तेच होतं, झेंडा आडव्या अक्षाभोवती पालथा होतो.

घरी करून बघा. चौकोनी कागदावर फुली काढा, प्रत्येक हाताच्या एकाच बाजूला, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, लाल रेघ ओढा. भिंगरी तयार! भिंगरी कितीही फिरवा, ती उजवी असेल तर उजवीच राहते. डावी करायची तर कागद पालथा घालून मागून उजेडात बघावं लागतं. मुलांना सममिती शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही, मी यंदा आठवीला हेच देणार.

मापं पण सुंदर आहेत. झेंड्याची उंची ३० भाग धरली तर लांबी ६० भाग. मधला लाल क्रूस ६ भाग रुंद, त्याला दोन्हीकडे २-२ भागांचा पांढरा काठ. तिरका हात एकूण ६ भागांचा: जाड पांढरा ३, लाल २, बारीक पांढरा १. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कर्ण बरोबर जाड पांढरा आणि लाल यांच्या सीमेवरून जातो. अर्धा-अर्धा वाटा काटेकोर आहे, पण आयर्लंडला आपल्या वाट्यातून १ भाग काठाला द्यावा लागला.

---

शंकासुर

तो काठ तरी कशाला? लाल निळ्याला लागला तर काय बिघडतं?

---

रीडिंगकर

@शंकासुर, ढालचिन्हांचा जुना नियम आहे. पांढरा आणि पिवळा हे 'धातू' (चांदी-सोनं), आणि लाल, निळा, काळा, हिरवा हे 'रंग'. रंगावर रंग नको, धातूवर धातू नको. शिरस्त्राणात तोंड झाकलेला माणूस धुळीत दुरून ओळखू यायला हवा, इतकं साधं कारण. लाल थेट निळ्यावर आला की लांबून चिखल दिसतो. म्हणून मध्ये पांढरी रेघ.

@भूमितीमास्तर, पालथा!! हा शब्द मला आजोबांना इंग्रजीत सांगता येणार नाही याचं दुःख आहे.

---

शंकासुर

बरं. आता खरी शंका. त्या आयरिश लाल फुलीला सेंट पॅट्रिकचा क्रूस म्हणतात. पण आयर्लंडचा हा पालक संत हुतात्मा नव्हता, म्हातारपणी मेला. त्याला क्रूस कुठून आला?

---

रीडिंगकर

बरोबर पकडलंत. पांढऱ्यावर लाल फुली हे फिट्झजेराल्ड नावाच्या बड्या आयरिश जहागीरदार घराण्याचं चिन्ह. १७८३ मध्ये सरकारने सेंट पॅट्रिकच्या नावाने सरदारांसाठी एक मानाचं पदक काढलं, त्यावर लाल फुली घेतली. अठरा वर्षांनी झेंड्यात आयर्लंड दाखवायची वेळ आली तेव्हा ती तयार होती. स्वतंत्र आयर्लंड १९२२ मध्ये वेगळं झालं, उत्तर आयर्लंड राहिलं, म्हणून फुली अजून आहे. वेल्स कुठेच नाही, कारण सोळाव्या शतकातच तो कायद्याने इंग्लंडमध्ये मिसळला होता. तिथल्या लोकांना यावर छेडून बघा, संध्याकाळ जाते.

---

लीथकर

एडिंबराहून हजेरी. आमच्या फुलीची गोष्ट टाकल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ देणार नाही.

इथून पूर्वेला तासाभराच्या आत ॲथेलस्टेनफर्ड नावाचं खेडं आहे. दंतकथा अशी की इ.स. ८३२ मध्ये पिक्टांचा (इथल्या प्राचीन लोकांचा) राजा अँगस इथे ॲथेलस्टन नावाच्या सरदाराच्या मोठ्या फौजेपुढे अडकला. रात्री त्याने सेंट अँड्र्यूला नवस केला, आणि सकाळी निळ्या आभाळात ढगांची पांढरी फुली उमटली. लढाई जिंकली, अँड्र्यू राष्ट्राचा पालक संत झाला, निळ्यावर पांढरी फुली झेंडा झाली. गावात चर्चमागे १५८३ सालचा दगडी कबूतरखाना आहे (दादरचा डोळ्यापुढे आणू नका, हा उतरत्या छपराचा ठेंगणा दगडी खोका आहे, आत भिंतीभर खोपे). त्यात झेंड्याचं छोटंसं केंद्र केलंय. आत पाच-सहा माणसं उभी राहिली की भरलं. आम्ही गेलो तेव्हा आभाळ एकसारखं राखाडी होतं, फुली सोडा, ढगही सुटा दिसत नव्हता. मुलगी म्हणाली, "राजा हरला असता आज."

निळा नक्की कोणता यावरही इथे भांडणं होती. कोणी आकाशी लावायचं, कोणी युनियन जॅकचा गडद. शेवटी २००३ मध्ये स्कॉटिश संसदेच्या समितीने पँटोन ३०० ही छटा सुचवली (पँटोन म्हणजे रंगछटांना क्रमांक देणारी पद्धत). युनियन जॅकचा निळा पँटोन २८०, बराच काळपट. दोन्ही शेजारी लावले की फरक लगेच कळतो.

---

शंकासुर

ॲथेलस्टन म्हणजे इंग्लंडचा राजा तो? त्याची कारकीर्द ९२४ ते ९३९. मग ८३२ मध्ये तो पाळण्यातही नव्हता, गादीवर यायला नव्वदहून जास्त वर्षं बाकी होती.

---

लीथकर

@शंकासुर, हो, म्हणून 'तो नव्हे, दुसरा ॲथेलस्टन' असं सांगतात. आणि गोष्ट लिहिली गेली ती घटनेनंतर कित्येक शतकांनी. दंतकथा म्हटलंय मी, लढू नका.

पण पुरावा हवा असेल तर घ्या. १२८६ च्या स्कॉटिश राज्यपालकांच्या शिक्क्यावर फुलीवर बांधलेला अँड्र्यू आहे. आणि १३८५ मध्ये तिथल्या पार्लमेंटने हुकूम काढला की प्रत्येक सैनिकाने छातीवर आणि पाठीवर पांढरी फुली लावावी. पुढची ओळ मला फार आवडते: कोणाचा डगलाच पांढरा असेल तर त्याने काळ्या कापडाच्या तुकड्यावर पांढरी फुली शिवावी. त्या एका वाक्यात मला सुई-दोरा घेऊन बसलेला वैतागलेला शिपाई दिसतो. आभाळातल्या ढगापेक्षा तो जास्त खरा वाटतो.

---

वसईवाला

अँड्र्यू म्हणजे मराठी बायबलातला अंद्रिया, पेत्राचा भाऊ. दोघेही कोळी. गालीलच्या सरोवरात जाळं टाकत होते. वांद्र्याचं पोर्तुगीज काळातलं सेंट अँड्र्यूज चर्च समुद्राजवळ आणि कोळीवाड्याशेजारी असावं यात मला तरी औचित्य दिसतं. सण ३० नोव्हेंबरला.

परंपरा सांगते की ग्रीसमधल्या पात्रास शहरात त्याला क्रुसावर दिलं. खिळे ठोकले नाहीत, दोरीने बांधलं, म्हणजे मरण लांबावं. पण क्रूस फुलीसारखा होता हे सुरुवातीच्या लिखाणात नाही. जुन्या चित्रांत तो साध्या उभ्या क्रुसावरही दिसतो, फुली रुळली ती मध्ययुगाच्या उत्तरार्धात. आमच्याकडे प्रवचनात सांगतात की येशूसारख्या क्रुसावर मरायची आपली लायकी नाही असं तो म्हणाला म्हणून वेगळा आकार. तीच गोष्ट पेत्राबद्दलही सांगतात, तो उलटा टांगून घेतो.

अजून एक गंमत. व्हॅटिकनच्या पिवळ्या-पांढऱ्या झेंड्यावर पेत्राच्या दोन किल्ल्या आहेत, एक सोन्याची, एक चांदीची. कशा ठेवल्यात? फुलीत! धाकट्याचा क्रूस आणि थोरल्याच्या किल्ल्या, आकार एकच. (थोरला कोण हे बायबलात नाही, माझी आजी पेत्राला थोरला म्हणायची.)

---

बोटीवरचा बंड्या

मर्चंट नेव्हीतला आहे, त्यामुळे झेंड्यांवर जेवतो.

आंतरराष्ट्रीय सांकेतिक झेंड्यांत दोन फुल्या आहेत. निळ्यावर पांढरी फुली म्हणजे 'एम': "माझं जहाज थांबलेलं आहे, पाण्यातून पुढे सरकत नाही." पांढऱ्यावर लाल फुली म्हणजे 'व्ही': "मला मदत हवी आहे." आता लीथकर आणि रीडिंगकर, नीट ऐका. सेंट अँड्र्यूचा झेंडा समुद्रावर 'आमचं काही हलत नाही' सांगतो आणि सेंट पॅट्रिकचा 'वाचवा'. आमच्या बोटीवर एक ग्लासगोचा चीफ इंजिनिअर होता, त्याला हे ऐकवलं की तो फुल्या फुल्या फुल्या बोलायचा.

रशियन नौदलाचा झेंडा बरोबर स्कॉटलंडच्या उलट, पांढऱ्यावर निळी फुली. पीटर द ग्रेटचं काम. त्याने १६९८ मध्ये सेंट अँड्र्यूच्या नावाने रशियातला सर्वोच्च किताब सुरू केला, आणि १७१२ पासून झेंडा सध्याच्या रूपात ठरला. अंद्रियाने रशियात धर्म आणला अशी त्यांच्याकडे श्रद्धा. क्रांतीनंतर गेला, १९९२ मध्ये परत आला. रशियन युद्धनौकेच्या नाळेवरचा छोटा झेंडा पाहिलात तर दचकाल: लाल कापड, त्यावर पांढऱ्या काठाची निळी फुली आणि पांढरा उभा क्रूस. लांबून रंग बदललेला युनियन जॅकच वाटतो.

आपल्या नौदलाच्या झेंड्यावर फुली नव्हती, उभा लाल क्रूस होता. मधली काही वर्षं काढून परत आणला होता. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विक्रांत युद्धनौका नौदलात दाखल झाली त्या वेळी तो कायमचा गेला, आणि महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. अवांतर आहे, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

---

ॲमस्टलवेनकरीण

फुल्या फुल्या फुल्या म्हणजे आमचं गाव!!

ॲमस्टरडॅमचं चिन्ह पाहिलंय ना? लाल जमीन, मध्ये काळा पट्टा, त्यावर तीन पांढऱ्या फुल्या एकाखाली एक. आपल्याकडे तीन फुल्या म्हणजे छापता न येणारी शिवी. आई पहिल्यांदा आली तेव्हा कचरापेटीवर, ट्रामवर, गटाराच्या झाकणावर सगळीकडे तेच बघून म्हणाली, "एवढं काय चिडलेत हे लोक?"

रस्त्याकडेला गाड्या चढू नयेत म्हणून लावलेले लालसर-तपकिरी लोखंडी खुंट असतात, त्यांवरही तीन फुल्या ओतलेल्या. त्यांना लाडाने 'ॲमस्टरडॅमर्ट्ये' म्हणतात, 'छोटे ॲमस्टरडॅमकर'. माझ्या सायकलच्या पेडलची आणि त्यांची ओळख जुनी आहे. आता हळूहळू काढताहेत.

गाईड सांगतात: तीन फुल्या म्हणजे आग, पूर आणि प्लेग, या तिन्हींपासून शहराला वाचव. ऐकायला छान, पण मागाहून चिकटवलेलं. जास्त पटणारी गोष्ट म्हणजे तेराव्या शतकात इथे पर्साइन नावाचं जहागीरदार घराणं होतं, त्यांच्या ढालीवरून फुल्या आल्या. काळा पट्टा म्हणजे ॲमस्टल नदी असं मानतात. त्या भागातल्या शेजारच्या गावांकडेही फुल्या आहेतच. आमच्या ॲमस्टलवेनच्या ढालीवर चार आहेत, राजधानीपेक्षा एक जास्त. आग-पूर-प्लेगवाल्यांनी चौथं संकट सांगावं. (सायकलचोर?)

---

गार्डसाहेब

वाचून मजा आली. मी रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, माझ्या वेळी नव्हतं, असो.

फुलीचं सगळ्यात गंभीर काम मी पाहिलंय ते गाडीच्या पाठीवर. शेवटच्या डब्याच्या मागे मोठी पिवळी फुली रंगवलेली असते, शेजारी 'एलव्ही' ('लास्ट व्हेइकल', म्हणजे शेवटचा डबा) अक्षरांची पाटी, रात्री लाल दिवा. लोकांना वाटतं शोभेला आहे. स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या गाडीकडे स्टेशन मास्तर आणि पॉइंट्समन बघत उभे असतात ते हिरवं निशाण दाखवायलाच नव्हे, पाठ बघायलाही. फुली दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, कपलिंग तुटून मागे डबे राहिले नाहीत. त्याशिवाय मागच्या स्टेशनला लाइन मोकळी झाल्याचं कळवायचं नाही.

एकदा पावसात, नाव सांगत नाही त्या घाटातल्या स्टेशनवर, चिखल उडून पाटी आणि फुली दोन्ही झाकली गेली होती. दिवस असल्याने दिवाही लावलेला नव्हता. पुढच्या स्टेशनला गाडी थांबवून घेतली, सगळे डबे मोजले, मी छत्री धरून हातरुमालाने फुली पुसली. वीस मिनिटं गेली. प्रवासी मला वरून विचारत होते, "साहेब, डबा धुताय काय?"

---

भूमितीमास्तर

@गार्डसाहेब, +१०० या प्रतिसादाला.

फुलीच का, यालाही कारण आहे. लांबून, धुक्यात, हलत्या वस्तूवर आडव्या-उभ्या रेषा डब्याच्या स्वतःच्या रेषांत मिसळतात: खिडक्या, दारं, कडा सगळं काटकोनातलं. तिरकी रेघ त्यात वेगळी उठून दिसते. बंद धावपट्टीवरही फुलीच रंगवतात, वैमानिकाला वरून कळावी म्हणून.

---

अटलांटाची सून

इकडची फुली लिहायला जरा अवघड आहे, पण नसली तर धागा अपुरा.

अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचा तो लाल झेंडा, निळी फुली, वर १३ तारे. तो विल्यम पोर्चर माइल्स नावाच्या राजकारण्याने काढला. सुरुवातीचा विचार उभ्या क्रुसाचा होता. चार्ल्स मॉइस नावाच्या एका ज्यू गृहस्थाने लिहिलं की एका धर्माचं चिन्ह साऱ्या राष्ट्रावर लादू नका. म्हणून माइल्सने क्रूस तिरका केला, हे धर्माचं नव्हे, ढालचिन्हांचं आहे असं म्हणत. धर्माबाबत एवढी नाजूक काळजी घेणारी ही मंडळी माणसं विकत घेण्याचा हक्क राखायला लढत होती, हे वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते.

१८६१ मध्ये समितीने तो राष्ट्रध्वज म्हणून नाकारला, पँटच्या गॅलिसच्या जोडीसारखा दिसतो अशी टिंगल करून. लढाईचा झेंडा म्हणून मात्र तो राहिला. पुढे १८९४ पासून मिसिसिपी राज्याच्या झेंड्याच्या कोपऱ्यात होता, जून २०२० मध्ये काढला. आमच्या जॉर्जियाच्या झेंड्यावर १९५६ मध्ये आला आणि २००१ मध्ये गेला. १९५६ हे साल बघा, यादवी युद्ध संपून नव्वद वर्षं झाल्यावर, गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा एकत्र करायच्या कोर्टाच्या निकालाला दोन वर्षं झाली असताना. शेजारच्या अलाबामाची पांढऱ्यावर लाल फुली अजून आहे, १८९५ च्या कायद्यात पट्टा ६ इंचांपेक्षा अरुंद नको असं लिहिलंय.

थोडं हलकं: फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनला गेलात तर जुन्या स्पॅनिश किल्ल्यावर पांढऱ्या कापडावर लाल, खडबडीत फुली फडकताना दिसेल. कडांना खुंट असतात, जणू झाडाच्या फांद्या छाटून दोन ओंडके एकमेकांवर टाकलेत. तो बर्गंडीचा क्रूस, पुन्हा अंद्रियाचाच. बर्गंडीच्या राजपुत्राबरोबर लग्नातून तो स्पेनमध्ये गेला आणि तिथून अर्ध्या जगात. मुलाने विचारलं, "हे चुकून वाकडं छापलंय का?"

---

क्रिकेटवेडा

सबाइना पार्कवरची मॅच लागली की प्रेक्षकांत दिसते ती जमैकाची फुली विसरू नका. सोनेरी फुली, वर-खाली हिरवा, बाजूंना काळा. ६ ऑगस्ट १९६२. आधी आडव्या पट्ट्यांचा ठरला होता, पण तो टांगानिकाच्या (आताच्या टांझानियाचा भाग) झेंड्यासारखा दिसायला लागला म्हणून फुली केली. लाल, पांढरा, निळा यांतला एकही रंग नाही. एवढे इंग्रजांचे झेंडे बघून कंटाळले असणार.

---

पेठेतला

मराठीत याला 'फुली' म्हणायला माझा आक्षेप. फुली म्हणजे काट मारली, रद्द केलं, किंवा फुली-गोळा खेळातली. झेंड्याला काही प्रतिष्ठा आहे की नाही? दोन वासे तिरपे एकमेकांवर टेकवले की आपल्याकडे 'कैची' म्हणतात, मांडवात, छपरात. 'कैचीचा क्रूस' चांगला वाटतो.

---

वसईवाला

कैचीचा क्रूस ऐकून आमचा अंद्रिया न्हाव्याकडे गेल्यासारखा वाटतो. फुलीच बरी.

---

लीथकर

स्कॉटलंडवरही फुली मारून झालीय इतिहासात बऱ्याचदा. चालेल.

---

पेठेतला

ठीक, माघार. पण पुण्याचं एक राहिलं. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर बाळाजीपंत नातूंनी इंग्रजांचं निशाण चढवलं, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. रीडिंगकरांच्या हिशोबाने ते १८०१ चं, तीन क्रुसांचं नवं निशाण, म्हणजे जेमतेम सोळा वर्षांचं. कंपनीचा पट्ट्यांचा झेंडा असला तरी कोपऱ्यात हेच. पालथं लावायची सोय त्याआधी नव्हतीच! १६०६ च्या निशाणात फुली अखंड, कसंही टांगा, सारखंच.

नातूंनी सुलटं लावलं होतं का? त्या दिवशी पुण्यातल्या कोणाला वर बघून ते तपासायची इच्छा असेल असं वाटत नाही.

---

बोटीवरचा बंड्या

पालथं लावलं असतं तर अर्थ झाला असता 'संकटात आहोत'. त्या वाड्याच्या बाबतीत बरोबरच होतं.

---

रीडिंगकर

केवढा वाढला धागा! सगळ्यांना धन्यवाद. गार्डसाहेब, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, आता ती लोकलच्या पाठीकडे बघणार म्हणते.

काल आजोबांकडे गेलो होतो. कागदाची भिंगरी नेली, भूमितीमास्तरांचं सगळं समजावलं: फिरवली तरी तीच, पालथी घातली की बदलते. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग उठून कपाटाच्या खालच्या खणातून एक घडी काढली. त्यांच्या जहाजावरचा जुना झेंडा, छापलेला नव्हे, तुकडे जोडून शिवलेला. निळा जवळजवळ करडा झालेला, जाड पांढऱ्या पट्टीवर शिवण उसवून पुन्हा घातलेली. काठीकडच्या कडेत दोरी ओवलेली. दोरीच्या एका टोकाला बोटाएवढा लाकडी खुंटा, दुसऱ्या टोकाला नुसता फास.

खुंटा माझ्या हातात देऊन म्हणाले, "लाकूड वर. आमच्यात कोणाला भूमिती येत नव्हती."

मी त्यांना सुपरमार्केटचा झेंडा दाखवला. त्याला ना दोरी, ना खुंटा, चार कोपऱ्यांना चार सारख्या फिती. त्यांनी खिशातून पेन काढलं, योग्य कोपऱ्यावर छोटा बाण काढला, आणि विचारलं की ते पांढरे वडे पुन्हा कधी आहेत.